तिला मैदान हवं होतं

आठवी-नववीतली लेक जेवता जेवता सहज बोलून जाते, "मला मिस इंडिया व्हायचंय." आईचा घास हातातच राहतो, बाबा ताटात बघत राहतात आणि आजी निकाल देऊन टाकते, "आधी दहावी हो म्हणावं." विषय तिथंच संपतो. म्हणजे आपल्यापुरता संपतो. पोरीच्या डोक्यात तो चालूच असतो आणि मोबाइल त्याला खतपाणी घालत असतो.

आईबाबांनो, आज त्या संपवून टाकलेल्या विषयावर बोलू या. माझी सगळी नोकरी याच हिंगोली जिल्ह्यात मुलींना शिकवण्यात गेली. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडची कितीतरी घरं आतून पाहिली. एक गोष्ट बहुतेक घरांत सारखी दिसली. मुलीच्या दिसण्यावरचं बोलणं घरात कधी थांबतच नाही. ती बाळंतिणीच्या कुशीत असते तेव्हा "रंग बापावर गेला गं" इथून सुरुवात होते. मग डाळीचं पीठ आणि हळद, मग "उन्हात खेळू नको, काळी पडशील." लग्नाच्या बायोडाटात पोचेपर्यंत सावळी पोर 'निमगोरी' झालेली असते आणि उंचीत एखादा इंच वाढलेला असतो. पण हीच पोर सौंदर्यस्पर्धेचं नाव काढते तेव्हा तेच घर तिला सुनावतं, "दिसण्यात काय ठेवलंय?" पोरींना हा दुटप्पीपणा बरोबर कळतो. त्या फक्त बोलून दाखवत नाहीत.

आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण कौतुकानं सांगतो. हंगामात शेतात बघा कधी. काढलेल्या हळदीची माती झाडत, मुळ्या मोडत, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बाया दिवसभर वाकून बसलेल्या असतात. तळहात, नखांच्या कडा, बांगड्यांखालचं मनगट, सगळं पिवळं. साबणानं घासलं तरी तो रंग लवकर निघत नाही. 'पी हळद नि हो गोरी' खरं असतं तर महाराष्ट्रातल्या सगळ्यांत गोऱ्या बायका आपल्याच शिवारात सापडल्या असत्या. त्या उन्हानं रापलेल्याच आहेत आणि त्यांच्या हातावरच आपला बाजार चालतो. हे लेकीला कुणी सांगत नाही. गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब मात्र न मागता येते. त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द कंपनीनं 2020 मध्ये काढून टाकला. आपल्या बायोडाटातून तो अजून गेलेला नाही.

म्हणून मला मधु सप्रेची गोष्ट सांगायची आहे. आताच्या मुलींना हे नाव ठाऊक नसेल, तुमच्यातल्या काहींना नक्की आठवेल. जन्म नागपूरचा, 1971 चा. आडनाव आपलं, भाषा आपली. उंच, सावळी, आणि मॉडेलिंगमध्ये येण्याआधी खेळाडू. आधी ती मैदानावर घाम गाळत होती, रॅम्प नंतर आला, हे लक्षात ठेवा. 1992 मध्ये ती फेमिना मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात बँकॉकला मिस युनिव्हर्ससाठी गेली. त्या काळात भारतीय मुली अशा स्पर्धांतून बहुधा रिकाम्या हातानं परतायच्या. सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या मुकुटांचं 1994 अजून दोन वर्षं लांब होतं. मधु मात्र शेवटच्या तिघींत पोचली.

तिथं तिला विचारलं गेलं, तू देशाची प्रमुख झालीस तर सगळ्यांत आधी काय करशील? अशा प्रश्नाचं ठरलेलं उत्तर कुणालाही पाठ असतं. गरिबी हटवीन, उपाशी मुलांना जेवू घालीन, जगात शांतता आणीन. मधु म्हणाली, मोठं क्रीडांगण बांधीन. आपल्याकडं खेळायला सोयी नाहीत, हे ती स्वतः भोगून आली होती. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला मिळाला, दुसरी कोलंबियाची मुलगी आली आणि मधु तिसरी. त्या एका उत्तरानं मुकुट गेला, असं तेव्हापासून आजवर बोललं जातं. गरीब देशाची पोरगी आणि स्टेडियम बांधते म्हणते, म्हणून तिची पुष्कळ टिंगल झाली. पुढं मुलाखतींतही ती आपल्या उत्तराला धरूनच राहिली. गरिबी काही एका रात्रीत जात नाही, असं तिचं म्हणणं.

स्पर्धेत ते उत्तर चुकलं असेल. हिंगोलीत बसून मला ते अगदी बरोबर वाटतं. परीक्षकांना काय आवडेल याचा अंदाज न घेता वीस वर्षांची मुलगी साऱ्या जगासमोर आपल्याला खरंच काय हवं ते सांगते, हे धाडस साधं नाही. आणि तिला हवं ते काय होतं? मैदान! आपल्या लेकींना कुणी विचारलं तर त्यातल्या किती जणी तेच मागतील, याचा विचार करा.

आपल्याकडं मैदानं नाहीत असं नाही. हिंगोलीचं रामलीला मैदान आहे, दसऱ्याला तिथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी संध्याकाळी कुठल्याही गावच्या मोकळ्या जागेवर जाऊन बघा, बॅट कुणाच्या हातात असते? पाचवीपर्यंतच्या मुली कडेला लंगडी खेळताना दिसतात. सातवीनंतर त्या कुठं जातात? घरी. पाळी आली, 'मोठी झाली', बस झालं हुंदडणं. गंमत म्हणजे तालुक्याला कबड्डीच्या सामन्यांना पाठवायचं म्हटलं की तीच पोर 'लहान' असते, एकटी कशी जाईल? आणि दोन वर्षांनी स्थळ आलं की पुन्हा मोठी होते, कायद्यानं अठरा पूर्ण नसली तरी.

मैदान सुटलं की पोरीला स्वतःचं शरीर कळायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे आरसा. मला खरी काळजी इथं वाटते. धावणाऱ्या मुलीला पाय कशासाठी असतात ते कळतं. दम किती टिकतो, पडल्यावर कसं उठायचं, हरल्यावर पुढच्या सामन्याला कसं उभं राहायचं, हे तिला अंगानं कळतं. नुसत्या आरशासमोर वाढलेल्या मुलीला पाय दिसतात ते जाड आहेत की बारीक एवढंच. मग ती सौंदर्यस्पर्धेत जावो नाहीतर चहा-पोह्यांच्या कार्यक्रमाला, दोन्हीकडं तिचा जीव समोरच्याच्या नजरेवर टांगलेला. मधु सप्रे मिस युनिव्हर्स झाली नाही म्हणून मोडून पडली नाही, पुढची कित्येक वर्षं देशातल्या आघाडीच्या मॉडेल्समध्ये तिचं नाव होतं. हरण्याची सवय मैदानानंच लावली असणार, असं मला वाटतं.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. ते कपडे. आणि लोक काय म्हणतील.

मी गोड बोलून तो टाळणार नाही. पण आधी एक जुनी गोष्ट. 1938 मध्ये, म्हणजे आपल्याकडं निजामाचं राज्य होतं तेव्हा, मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' हा मराठी चित्रपट आला. कथा आचार्य अत्र्यांची. त्यात मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याच्या पोशाखात गाणं केलं. केवढा गहजब झाला! आणि चित्रपट तुफान चालला. त्यांचीच नात नम्रता शिरोडकर 1993 मध्ये, मधुच्या दुसऱ्याच वर्षी, मिस इंडिया झाली. मराठी घरानं हे पाहिलेलंच नाही, असं आपण म्हणू शकत नाही. मिस वर्ल्डवाल्यांनी तर पोहण्याच्या पोशाखाची फेरी 2014 मध्येच बंद करायचं ठरवलं.

मधुचं प्रकरण याहून अवघड होतं. 1995 मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत ती आणि मिलिंद सोमण विवस्त्र उभे राहिले, अंगावर अजगर आणि पायांत बूट. मुंबईत अश्लीलतेचा खटला भरला गेला. निकाल लागला 2009 मध्ये, सगळे निर्दोष. चौदा वर्षं! मला ती जाहिरात तेव्हाही आवडली नव्हती, आजही आवडत नाही. पण लेकीला मधुची गोष्ट सांगताना हे पान मी फाडणार नाही. एका दिवसाच्या कामाचा हिशेब चौदा वर्षं देत बसावं लागतं, हे तिला कळू दे. आणि चारचौघांत नाव निघालं म्हणजे आयुष्य संपलं असंही नसतं, हेही कळू दे. मधु पुढं लग्न करून इटलीत गेली, समुद्रकाठच्या रिचोने गावी. नवऱ्याचा आइस्क्रीमचा धंदा. संसार, मूल, घर. तुम्ही ज्याला 'मार्गी लागली' म्हणता तेच की हे.

अभ्यासाची काळजी असेल तर रीटा फारियांचं नाव घरात सांगा. गोव्याचं कुटुंब, जन्म मुंबईचा. 1966 मध्ये लंडनला मिस वर्ल्ड झाल्या. हा मुकुट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, पहिल्या आशियाई. तेव्हा त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होत्या. वर्षभर मुकुटाची कामं केली, सिनेमाकडं पाठ फिरवली आणि लंडनला पुढचं वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. नंतर संसार आयर्लंडमध्ये, डब्लिनला. "हे करशील तर शिक्षण सुटेल" असं आपण दरडावतो ना, त्यावर पोर उद्या हेच नाव पुढं करील. तेव्हा आधीच माहीत असलेलं बरं.

मला अधिक भीती वाटते ती दुसऱ्या टोकाच्या आईबापांची. लेकीनं नाव काढायचा अवकाश, हे तिला घेऊन निघतात. शहरात एखाद्या मंगल कार्यालयात 'प्रिन्सेस', 'क्वीन' अशा नावानं स्पर्धा भरते. नोंदणीचे पैसे वेगळे, मेकअपचे वेगळे, फोटोंच्या 'पोर्टफोलिओ'चे वेगळे आणि शेवटी जवळजवळ प्रत्येकीच्या गळ्यात कुठला ना कुठला पट्टा. बारा वर्षांच्या पोरीला ओठ रंगवून, उंच टाचा घालून, कंबर हलवत चालायला लावतात आणि खाली आईबाप मोबाइल धरून उभे. हे मला बघवत नाही. फेमिना मिस इंडियाला अठरा पूर्ण असल्याशिवाय जाताच येत नाही. मग आठवीतल्या पोरीची एवढी घाई कुणाला? पैसे मागणाऱ्याला. पैसे देण्याआधी विचारा, मागची विजेती आज काय करते? प्रवासात मुलीबरोबर आईला राहू देणार का? करार कागदावर आहे का, आणि तो वकिलाला दाखवायला चार दिवस मिळतील का? "आजच सही करा, जागा संपतायत" असं कुणी म्हणालं की उठून यायचं. सुष्मिता सेननं मिस इंडियाच्या रात्री घातलेला गाऊन दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारातल्या कापडाचा होता. शिवला साध्या शिंप्यानं, आणि हातमोजे केले नवे पायमोजे कापून. ही गोष्ट तिनं स्वतःच सांगितलेली आहे. तेव्हा शेत गहाण ठेवून पोर्टफोलिओ काढायची गरज नसते.

तर लेक म्हणाली "मला मिस इंडिया व्हायचंय," तर हसू नका. विचारा, त्यातलं तुला काय आवडतं गं? कुणी कपडे म्हणेल, कुणी विमान, कुणी "सगळे माझं ऐकतात ते." एका मुलीनं मला सांगितलं होतं, "बाई, तिला कुणी काळी म्हणत नाही." या उत्तरावर स्पर्धेचा फॉर्म भरून काही होणार नव्हतं. तिच्या घरातली चार तोंडं आधी बंद व्हायला हवी होती.

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा तळ आहे आणि पोलीस भरतीचं वेड आपल्या पोरींनाही चांगलंच लागलंय. पहाटे रस्त्याच्या कडेनं आठशे मीटरचा सराव करणाऱ्या मुली आता खेड्यांतही दिसतात. कुणाच्या मागं बाप मोटारसायकल हळू चालवत उजेड धरतो, कुणाची आई शाल गुंडाळून मैलाच्या दगडावर बसलेली असते. इथंही उंची मोजतात, 155 सेंटीमीटर, पण रंग कुणी विचारत नाही. भरतीचं वय यायची वाट न बघता हेच सातवीपासून का करू नये? ती पुढं पोलीस होईल, डॉक्टर होईल, रॅम्पवर जाईल नाहीतर हळदीचा व्यापार करील, तो तिचा प्रश्न.

पुढच्या पालकसभेला गेलात की टक्केवारीच्या आधी हेडसरांना विचारा, वेळापत्रकातला खेळाचा तास मुलींना खरंच मिळतो, की तो परीक्षेच्या नावाखाली गणिताला जातो? मैदानाजवळ मुलींसाठी पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? नसेल तर दोन-चार आया मिळून अर्ज द्या आणि पोच घ्या. कबड्डीला पाठवायचं असेल तर गावातल्या एकेका आईनं पाळीपाळीनं बरोबर जायचं ठरवा, म्हणजे 'एकटी कशी जाईल' हा प्रश्नच उरत नाही. आणि बूट घेताना भावाचे जुने तिच्या पायात सरकवू नका. दुकानात तिला घेऊन जा, दोन्ही पायांत घालून चालायला लावा, पुढं अंगठ्याला बोटभर जागा ठेवा. या वयात पाऊल भराभर वाढतं.