चेक इंजिनचा दिवा लागलाय? सेन्सर घेण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीचा पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागला की बरेच जण स्कॅनरवरचा कोड बघून थेट सेन्सर बदलतात. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो आणि पैसे पाण्यात जातात. कोड खराब पार्टचं नाव सांगत नाही. कोणत्या सर्किटमधून ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) भलतं रीडिंग मिळतंय, एवढंच तो सांगतो. दोष सेन्सरचा असेल, नाहीतर तुटलेल्या वायरीचा, गंजलेल्या पिनेचा किंवा उतरलेल्या बॅटरीचाही असेल. नागपुरात तर ही शक्यता मोठीच: नवतप्याच्या उन्हात बॉनेटखालचं जुनं प्लास्टिक तडकतं, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरते आणि उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून पेट्रोल गाडीसाठी हा क्रम पाळा.

साहित्य: डिजिटल मल्टीमीटर, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी स्कॅनर, कॉन्टॅक्ट क्लीनर, टॉर्च, वायरीचा छोटा तुकडा, वही-पेन.

कृती

१. रंग बघा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी होतो, म्हणून थांबलेलं बरं.

२. दिवा शाबूत आहे ना, बघा. चावी ऑन केल्यावर दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणी काढून ठेवलाय. सेकंडहँड गाडी घेताना ही तपासणी चुकवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा शहरातल्या अनेक गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीच्या कनेक्टरमधला गंज पुढे कित्येक महिन्यांनीही डोकं वर काढतो.

३. बॅटरी आणि अर्थिंग मोजा. बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट, स्टार्टर मारताना ९.६ पेक्षा कमी नाही आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. मग मीटरची एक सळई बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावून स्टार्टर मारा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर अर्थची वायर काढून घासा आणि घट्ट बसवा. व्होल्टेज डळमळीत असेल तर चांगले सेन्सरही खोटं बोलतात.

४. कोड वाचा आणि लिहून ठेवा. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. भारतात एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत साधा स्कॅनर सहसा चालतो. त्याआधीच्या काही मारुती गाड्यांत डायग्नोसिस कपलरच्या ठरावीक पिना जोडल्यावर दिवा लुकलुकून कोड देतो. पिना मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा. कोडसोबत फ्रीज फ्रेमही उतरवून घ्या: दोष आला तेव्हा वेग, आरपीएम आणि तापमान किती होतं, हे त्यात असतं. कोड खोडला की ही नोंदही जाते.

५. डोळ्यांनी तपासा. संबंधित सेन्सरची वायर कनेक्टरपासून जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत टॉर्चने बघा. कुरतडलेली जागा, हिरवट पिना, निघालेला व्हॅक्यूम पाइप शोधा. क्लीनर मारून कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा.

६. थंड इंजिनावर लाइव्ह डेटा बघा. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी फक्त चावी ऑन करा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्या हवेशी जवळपास जुळलं पाहिजे. मे महिन्यात दोन्ही तिशीच्या आसपास आणि डिसेंबरात पंधराच्या आसपास दिसतील. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, म्हणून इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) इथे ९६ ते ९८ किलोपास्कल दाखवावेत. फरक फार असेल तर त्या सर्किटकडे वळा.

७. मीटरने निकाल लावा. समजा कोड पी०११८ आहे आणि स्कॅनर कूलंट उणे ४० अंश दाखवतोय. नागपुरात हे अशक्य, म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलंय. कूलंट सेन्सरचा दोन पिनांचा कनेक्टर काढा आणि चावी ऑन करून वायरीकडच्या पिनांत मोजा. सुमारे ५ व्होल्ट मिळाले नाहीत तर दोष वायरीत किंवा ईसीयूत. मिळाले तर त्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडा. स्कॅनरवर तापमान एकदम शंभरीपार गेलं, तर वायरिंग ठीक आहे. आता सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा: बऱ्याच गाड्यांत २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम आणि ८० अंशांना ०.३ च्या आसपास येतो. काहीच येत नसेल तर सेन्सर गेला. पिना जोडण्याची ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठीच आहे. तीन वायरींच्या सेन्सरवर ती कधीही करू नका.

८. मिसिंगचा कोड असेल तर अदलाबदल करा. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड खोडा आणि गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लग आणि इंजेक्टर बघा.

९. दुरुस्तीनंतर खात्री करा. कोड खोडून गाडी थंड इंजिनापासून पूर्ण गरम होईपर्यंत चालवा: थोडी शहरातल्या सिग्नलांवर, थोडी वर्धा रोडवर एकसारख्या वेगाने. पुन्हा स्कॅन करा.

कोड परत आलाच तर वही घेऊन चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. कोणत्या पिनेवर किती व्होल्ट मिळाले हे तुम्ही सांगू शकलात, तर त्याचं काम तिथूनच पुढे सुरू होतं आणि नको तो पार्ट तुमच्या माथी पडत नाही.