इतिहासाचा निबंध कसा लिहावा?
(बौद्ध विद्यार्थी व त्यांच्या पालकांसाठी एक पाठ)



१४ एप्रिल जवळ आली की वस्तीवस्तीत निबंधस्पर्धा होतात. विसरवाडीला मुलांच्या वह्या तपासताना मला दरवर्षी एक वाक्य थोड्याफार फरकाने भेटते : ‘युगपुरुष, क्रांतिसूर्य, महामानव बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला आग लावली आणि हजारो वर्षांची गुलामी एका क्षणात भस्मसात केली.’ या वाक्यातील भावना खरी आहे, तिचा मी आदरच करतो. परंतु हा इतिहास नव्हे. गुलामी एका क्षणात जळाली नाही. त्या तळ्याच्या पाण्याचा निकाल लागण्यास पुढे दहा वर्षे लागली. ती दहा वर्षे निबंधातून गळाली म्हणजे बाबासाहेबांचे कष्टच गळाले.

मीही असेच लिहीत असे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी माझा निबंध परत आला तेव्हा समासात एवढेच लिहिले होते : ‘हे भाषण आहे, निबंध नव्हे.’ मला फार राग आला. भाषण आणि निबंध यांतला भेद घरी सांगणारे कोणी नव्हते. तो भेद आपल्या मुलांना वेळेवर कळावा, म्हणून हा पाठ.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही, धम्माचाही आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतात एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणे आपण नाकारले. मग बाबासाहेबांना अवतारासारखे रंगवून कसे चालेल? अवताराला कारणे लागत नाहीत, पुरावे लागत नाहीत. माणसाच्या कार्याला दोन्ही लागतात.

आता महाडचेच उदाहरण घेऊन चार प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न : काय घडले आणि केव्हा? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. तारखा ओळीने मांडल्या की त्या स्वतःच बोलू लागतात. स्थळकाळाचीही काळजी घ्यावी. ‘१९३७ साली आमच्या नंदुरबार जिल्ह्यात’ असे मुले लिहितात. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. १९३७ साली आपला भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता.

दुसरा प्रश्न : का? आणि तेव्हाच का? वरच्या तारखा पुन्हा पाहा. तळे १९२४ मध्येच कागदावर खुले झाले होते. मग १९२७ पर्यंत कोणी पाणी का प्याले नाही? येथून निबंध खरा सुरू होतो. ठराव होता, पण स्पृश्यांचा विरोध होता, माराची भीती होती, आणि पोट गावकीच्या कामावर अवलंबून होते. एकट्याने जाणे शक्य नव्हते, म्हणून परिषद भरवून सर्वांनी मिळून जावे लागले. भीती खोटी नव्हती. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. यावरून विद्यार्थी एक निष्कर्ष काढू शकतो : हक्क कागदावर मिळणे आणि तो बजावता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असा एक निष्कर्ष दहा विशेषणांहून मोलाचा आहे.

तिसरा प्रश्न : हे कोण सांगतो? ‘बहिष्कृत भारत’ हे बाबासाहेबांचे पाक्षिक ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे पाणी प्याल्यानंतर दोनच आठवड्यांनी सुरू झाले. ती आपल्या बाजूची साक्ष. नगरपालिकेचे ठराव आणि कोर्टाचा निकाल ही दुसऱ्या प्रकारची साक्ष. दोन्ही जुळतात तेथे लेखणी ठाम चालवावी. जुळत नाहीत तेथे तसे स्पष्ट लिहावे.

चौथा प्रश्न : माझ्या म्हणण्याविरुद्ध काही आहे काय? ‘सर्व सवर्ण विरोधात होते’ असे मुले लिहितात. परंतु महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस या लढ्यात सोबत होते, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ही नावे लपविल्याने आपला पक्ष बळकट होत नाही. ती लिहिल्याने लढा जातीशी नसून अन्यायी व्यवस्थेशी होता, हे सिद्ध होते.

आता पुढची दहा वर्षे पाहा. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात विरोधकांनी कोर्टाचा मनाईहुकूम आणला. त्यांचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी हे पाणी घ्यायचे नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला की, ही वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झालेले नाही. अपील फेटाळले गेले.

हे नीट लक्षात घ्या. अखेरीस कोर्टात सवाल उभा राहिला तो इतिहासाचा : केव्हापासून? पुरावा काय? ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे उत्तर तेथे टिकले नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना हेच उत्तर देऊन पाणवठ्यावरून हाकलले जात असे. म्हणून ‘केव्हापासून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागणे अत्यंत जरुरीचे आहे.

बाबासाहेबांनी हीच कसोटी तथागतांच्या चरित्रालाही लावली. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब विचारतात की, एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्यापूर्वी म्हातारपण, आजार, मरण कधीच पाहिले नसेल काय? ही कथा बुद्धीला पटत नाही, म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याचे कारण त्यांनी मांडले. अपार श्रद्धा असूनही त्यांनी प्रश्न सोडला नाही. श्रद्धा आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात याचा याहून चांगला दाखला कोणता?

भाषेविषयी थोडे. प्रौढ भाषा म्हणजे जड शब्द नव्हेत. विशेषणे कमी करा आणि ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तरीही’, ‘यावरून’ हे शब्द नेमके वापरा. एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचा पुरावा आणि त्यावरून निघणारा निष्कर्ष एवढे असावे. आरंभीचे वाक्य आता असे लिहिता येईल : ‘महाडचे तळे १९२४ मध्ये ठरावाने खुले झाले होते, परंतु विरोधाच्या भीतीमुळे तो हक्क बजावता येत नव्हता, म्हणून १९२७ चा सत्याग्रह हा केवळ पाण्यासाठी नव्हता, तर मिळालेला हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी होता.’ येथे एकही पदवी नाही, तरी बाबासाहेबांचे मोठेपण कमी झाले काय? उलट ते वाचणाऱ्याला पटते.

पालकांनो, आपण शिकलेले नसाल तरी मुलांना मदत करू शकता. मुलगी निबंध वाचून दाखवील तेव्हा प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ एवढे विचारा. तुमच्या लहानपणी गावात पाणी कोठून आणीत, दीक्षा केव्हा व का घेतली, घरातले देव काढताना कोण काय म्हणाले, हे सांगा. तोही इतिहासच आहे. मुलांनी ते तारखेसह लिहून घ्यावे आणि दुसऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून ताडून पाहावे.

अभ्यासासाठी : ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यानिमित्त धुळ्याला आले होते आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी त्या दिवशी आपली माणसे तेथे जमतात. यावर दोन पाने लिहा. खटला कशाचा होता, ही माहिती कोणाकडून मिळाली, आणि एका मुक्कामाची आठवण लोकांनी इतकी वर्षे का जपली, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधा. ‘महामानव’ हा शब्द फक्त एकदाच वापरा.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.