तपकिरी रंग काय सांगतो?

प्रोस्टेटच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये रक्तातलं पीएसए हे प्रथिन बहुधा वाढतं. ‘स्मॉल सेल’ या दुर्मिळ प्रकारात मात्र ते बऱ्याचदा वाढतच नाही, आणि रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त! तुकडा काढून साध्या रंगात पाहिला तर नुसती बारीक, गडद निळ्या पेशींची गर्दी. इथे मार्कर लागतो: ठराविक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी, तिला जोडलेलं एन्झाइम, वर डीएबी टाकलं की तिथेच तपकिरी रंग. आपल्या भाषेत सेन्सरच की! सिनॅप्टोफायसिन तपकिरी आणि पीएसए कोरं, तर संशय बळावतो. टीटीएफ-१ वर भिस्त नको. ते फुप्फुसाच्या कॅन्सरसारखं इथेही उमटू शकतं. एवढा खटाटोप कशाला? नुसत्या हार्मोन उपचारांना हा प्रकार सहसा दाद देत नाही. सिसप्लॅटिन-इटोपोसाइडसारखी केमो लागते.