दहा इंचांची हौस

दुर्बीण हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ दूरचे पाहणारी असा असला, तरी ती विकत घेऊ पाहणाऱ्याने आधी अगदी जवळचे, म्हणजे आपल्या इमारतीचा जिना, गच्चीचे दार आणि स्वतःची कंबर, नीट निरखून घ्यावे, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर आणि पदरचे पुष्कळ पैसे मोजून कळली. आयुष्य दप्तरात टिपणे लिहिण्यात गेल्यामुळे ही कैफियतही थोडी टिपणाच्या वळणावर गेली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे बिऱ्हाड भाईंदर पश्चिमेला, लिफ्ट नसलेल्या एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. आरसा जितका मोठा तितका प्रकाश अधिक, हे गणित मला तोंडपाठ होते. सहा इंचांच्या आरशापेक्षा दहा इंचांचा आरसा पावणेतीन पट प्रकाश गोळा करतो, या एकाच आकड्याच्या भरवशावर मी दहा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचा बयाणा देऊन मोकळा झालो. नळी चार फूट लांब, मिठी मारली तर हात जेमतेम पोचतील इतकी जाड, आणि बैठकीसह सारे वजन सुमारे तीस किलो. पहिल्या संध्याकाळी ती वर नेताना दोन खेपा झाल्या, रखवालदाराने "काका, गिझर बसवताय काय?" असे विचारले, आणि गच्चीच्या दाराशी पोचल्यावर किल्ली सोसायटीच्या सचिवांच्या ताब्यात असून त्यासाठी लेखी अर्ज द्यावा लागतो, हा शिरस्ता मला प्रथमच समजला. माझ्या रोजनिशीत पहिल्या महिन्यात अकरा, दुसऱ्यात चार आणि तिसऱ्यात एक अशा वेधाच्या रात्रींची नोंद आहे. चौथ्या महिन्याचे पान कोरे आहे.

त्यातही ज्या रात्री ती वर गेली, त्या सर्वच सार्थकी लागल्या असे नाही. जाड काचेचा मोठा आरसा घरातल्या उबेतून बाहेर आला की बाहेरच्या हवेइतका निवायला तास-तासभर घेतो, आणि दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅबही तोवर उष्णता सोडीत असतो. परिणामी ज्या गुरूचे पट्टे पाहण्यासाठी मी धापा टाकीत वर आलो होतो, तो गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरत राही. शिवाय आमच्या आकाशाला रात्र अशी पुरती होतच नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड खाडीवरच्या दमट हवेत पसरून असा काही फाकतो की अंधुक दीर्घिका त्यात विरून जातात. मोठा आरसा ताऱ्यांबरोबर हा उजेडही इमानाने गोळा करतो, हे मी बयाणा देताना विसरलो होतो.

खरा धडा मात्र पावसाळ्याने दिला. तयार मिळणाऱ्या पुष्कळ दुर्बिणींची बैठक भुसा दाबून केलेल्या फळीची असते. वरून ती गुळगुळीत दिसते, पण कडेच्या पट्टीतून एकदा दमटपणा आत शिरला की पावासारखी फुगते. गॅलरीत चार महिने झाकून ठेवलेली माझी बैठक ऑक्टोबरात उघडली, तेव्हा तिची खालची कड बोटभर फुगलेली होती आणि नळी डावीउजवीकडे वळताना करकरत अडखळत होती. शेजारच्या सुताराने वॉटरप्रूफ प्लायवूडची नवी बैठक करून दिली आणि फिरत्या भागाखाली किंचित खरखरीत सनमायका लावून त्यावर टेफ्लॉनचे तीन तुकडे ठेवले. त्या दिवशी या यंत्राचे मर्म मला उमगले. या दोन पदार्थांमधले घर्षण असे की बोटाने ढकलताच नळी धक्का न देता सरकते आणि बोट उचलताच थांबते. दीडशे पट वर्धनात पृथ्वीच्या भ्रमणामुळे गुरू दीड मिनिटाच्या आत दृष्टीच्या वर्तुळातून निसटतो, तेव्हा त्याला बोटाच्या टोकाने परत मध्ये आणता यावे, एवढ्याचसाठी ही सारी योजना.

ती ज्याची, तो जॉन डॉब्सन रामकृष्ण संघाचा संन्यासी होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९४४ साली, म्हणजे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली त्याच वर्षी, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाला. तिथे जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे करू लागला. आणि १९६७ साली त्याला मठ सोडावा लागल्यावर रस्त्याच्या कोपऱ्यावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना शनीची कडी दाखवीत राहिला. साधे प्लायवूड त्याने काटकसरीने निवडले होते. कारखानदारांनी त्याहून स्वस्त फळी शोधली, आणि ती कोकणपट्टीच्या हवेसाठी नव्हे.

एक अपराध माझा स्वतःचा. आरशावर दमट ठिपके दिसले म्हणून मी ते रुमालाने पुसले, आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर केसासारख्या रेघा कायमच्या उमटल्या. आरसा कधी कोरडा पुसू नये. फारच मळला तर ऊर्ध्वपातित पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा, एरवी झाकून ठेवावा.

शेवटी ती दुर्बीण मी मुरबाडकडच्या एका स्नेह्याला दिली. त्याच्या घरापुढे अंगण आहे, जिना नाही. मी सहा इंची घेतली. मौज अशी की दोघींची लांबी जवळपास सारखीच, कारण दोघींचे नाभीय अंतर बाराशे मिलिमीटरच्या आसपास आहे. परंतु सहा इंचीचे वजन निम्मे, तिचे आरसे जुळवण्यात जरा कमीजास्त झाले तरी ती रुसत नाही, आणि साध्या नेत्रिकेतूनही तिच्यात ताऱ्यांचे ठिपके कडेपर्यंत नेटके दिसतात. मृगातला तेजोमेघ, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या, एवढे भाईंदरच्या गच्चीवरून ती बिनतक्रार दाखवते. जानेवारीत देवयानी पश्चिमेला कलते, त्या सुमारास मी ती रिक्षात घालून उत्तनला नेतो. समुद्राकडची बाजू तिथे अजून काळोखी आहे. लिफ्ट आणि अंगण ज्यांना लाभले आहे, त्यांनी आठ इंचांपर्यंत जाण्यास माझी हरकत नाही.

पैसे देण्याआधी एकदा रात्र जागून दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून पाहावे. खगोल मंडळाने वांगणीला असे कार्यक्रम वर्षानुवर्षे केले, आणि तिथे एका रात्रीत जे कळते ते विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून कळत नाही. बैठक कशाची आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. शक्यतो लेखी घ्यावे. घरी आल्यावर पंधरा किलो तांदळाचे पोते घेऊन रात्री नऊ वाजता गच्चीपर्यंत जावे, तासभर तिथे थांबावे आणि तसेच खाली यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच करावे. तिसऱ्या दिवशी पोते उचलण्याची इच्छा उरली, तर सहा इंची खुशाल घ्यावी; न उरल्यास तूर्त एक चांगली द्विनेत्री घ्यावी आणि पोते स्वयंपाकघरात ठेवावे.