किल्ली कोणाकडे?

मुलांनो, शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे मुख्याध्यापकांना माहीत असते. संगणकातही अशी कपाटे असतात. त्यांना फोल्डर म्हणतात. कार्यालयातील सर्वांचे फोल्डर सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकावर ठेवतात. कोणता फोल्डर कोणी वाचावा, कोणी बदलावा, हे ठरलेले असते. हीच परवानगी.

माणसाची बदली होते. त्याची परवानगी मात्र तशीच राहते. कधी यादीत ‘एव्हरीवन’, म्हणजे ‘सर्वजण’, असे नाव असते. मग पगाराचे कागदही कोणीही उघडू शकतो!

हजारो फोल्डर हाताने कसे तपासणार? त्यासाठी स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने लिहिलेल्या आज्ञा. पॉवरशेलमधील ‘गेट-एसीएल’ ही आज्ञा फोल्डरची परवानगी वाचते. स्क्रिप्ट एकेका फोल्डरपाशी जाते आणि नावे तक्त्यात लिहिते. जो फोल्डर तिला उघडता येत नाही, त्याचीही नोंद हवी. नाहीतर तो तपासायचा राहून जाईल.

यादी यंत्र करते. किल्ली कोणाकडून परत घ्यायची, हे मात्र माणसानेच ठरवायचे.

शब्दार्थ : परवानगी – इजाजत, आज्ञा – हुकूम

स्वाध्याय : यादीत ‘सर्वजण’ असे नाव असल्यास कोणता धोका असतो?