बावीस सामने, बावीस विजय

बास्केट म्हणजे टोपली. बॉल म्हणजे चेंडू. टोपलीत चेंडू टाकायचा, तो खेळ बास्केटबॉल.

१८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी हा खेळ काढला. पहिल्यांदा त्यांनी फळांच्या खऱ्याच टोपल्या टांगल्या होत्या. आता तिथे लोखंडी कडे असते, कड्याला जाळी असते. कडे जमिनीपासून दहा फूट उंच. एका बाजूला पाच गडी. उंच गड्याचा हात कड्यापाशी लवकर पोचतो. म्हणून या खेळात उंचीला फार मोल.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा एक संघ आहे. त्याचे नाव रॉकेट्स. आम्ही या संघाचे चाहते. ही गोष्ट २००८ सालची आहे.

त्या हंगामात प्रत्येक संघाला ८२ सामने खेळायचे होते. पहिल्या ४४ सामन्यांत रॉकेट्सनी २४ जिंकले, २० घालवले. म्हणजे धड वर नाही, धड खाली नाही. आम्हीही फारशी आशा धरली नव्हती.

२९ जानेवारीला संघ जिंकला. पुढचा सामनाही जिंकला. त्याच्या पुढचाही! मग आम्ही बोटे मोजू लागलो. ह्यूस्टनला रात्री सामना सुरू होई, तेव्हा आपल्याकडे सकाळचे सात वाजलेले असत. हातातला चहा गार होऊन जायचा, पण लक्ष सगळे गुणांकडे. पाच झाले. आठ झाले. बारा झाले!

आणि मग वाईट बातमी आली.

संघात याओ मिंग नावाचा चिनी खेळाडू होता. उंची साडेसात फूट. घराला जसा मधला खांब, तसा हा संघाला. त्याच्या डाव्या पायाचे हाड दुखावले. २६ फेब्रुवारीला कळले, की तो आता हंगामभर खेळणार नाही.

आम्ही म्हटलं, "संपलं! खांबच गेला, आता घर कसलं उभं राहतंय?"

त्याच रात्री सामना होता. याओच्या जागी डिकेम्बे मुटोम्बो उभा राहिला. हा मूळचा आफ्रिकेतल्या काँगो देशाचा. वय ४१! या खेळात ते म्हातारपणच. त्याच्या बरोबरीचे बहुतेक जण केव्हाच घरी बसले होते. पण समोरच्याने कड्याकडे टाकलेला चेंडू वरच्या वर अडवावा, तो मुटोम्बोनेच. अडवला, की बोट हलवून सांगायचा, "अंहं, इथे नाही!"

त्या रात्री रॉकेट्सचे ९४ गुण झाले, समोरच्या संघाचे ६९. तेरावा विजय!

पण एकट्या मुटोम्बोने हे केले असे समजू नका. स्कोला आणि लँड्री हे गडी त्याच वर्षी संघात आले होते. तेही अंग मोडून खेळले. बॅटिए समोरच्या चांगल्या गड्याला सावलीसारखा चिकटून राही. १६ मार्चला लेकर्स या बलाढ्य संघाशी गाठ पडली. रॉकेट्सचा मोठा खेळाडू मॅकग्रेडी. त्याचा हात त्या दिवशी चालेना. तेव्हा ऑल्स्टन पुढे झाला. त्याने एकट्याने ३१ गुण केले. सामना जिंकला.

आता हिशेब करा. याओ असताना १२ विजय. याओ नसताना १०. बारा आणि दहा, बावीस! याहून लांब ओळ तोवर एकाच संघाची होती. १९७१-७२ मध्ये लेकर्सनी सलग ३३ सामने जिंकले होते.

१८ मार्चला बोस्टनच्या संघाने ही ओळ तोडली. रॉकेट्स ७४, बोस्टन ९४. पुढे बाद फेरीत पहिल्याच पायरीवर रॉकेट्स हरले. अजिंक्यपद बोस्टनला मिळाले. २०१३ साली मायामीच्या संघाने सलग २७ सामने जिंकले आणि बावीसचा आकडाही मागे पडला.

मग आम्हांला काय मिळाले? चषक तर मिळाला नाही. पण ते दहा विजय आम्ही विसरलो नाही. पहिल्या बारा विजयांनी आम्हांला आनंद दिला. पुढच्या दहांनी डोळे उघडले. आम्ही एका खांबाकडेच पाहत होतो. घराला वासे असतात, भिंती असतात, हे ध्यानातच नव्हते. खांब पडला, तेव्हा त्या साऱ्यांनी भार घेतला. कायमचा नाही घेता आला. पण तीन आठवडे घेतला, आणि सगळे बघत राहिले.

शब्द

हंगाम – सामन्यांचा ठरलेला काळ
सलग – एकामागून एक, मध्ये न तुटता
बाद फेरी – हरला तो संघ बाहेर पडतो अशी फेरी

वाचा आणि सांगा

१. याओ मिंग नसताना संघाने किती सामने जिंकले?
२. बोस्टनशी झालेला सामना रॉकेट्स किती गुणांनी हरले? वजाबाकी करून लिहा.
३. तुमच्या घरात किंवा कामावर मुख्य माणूस आजारी पडला, तेव्हा त्याचा भार कोणी घेतला? चार ओळी लिहा.