खोटी मासळी कशी करतात?

माझ्या मामाला खाडीत गरी टाकायची फार हौस. तांबोशी, जिताडा हे मासे लहान मासळी खातात. म्हणून मामा गरीला मऊ प्लास्टिकची खोटी मासळी लावतो. ती तो घरीच करतो.

प्रथम ओल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये नमुना दाबून साचा करतात. तो कडक वाळवतात. मग प्लास्टिसॉल नावाचे दुधासारखे द्रव तापवतात. ते आधी घट्ट होते, मग पातळ व पारदर्शक होते. त्यात रंग घालून साच्यात ओततात. थंड झाले की मासळी तयार! शेपटी लुटुलुटु हलते. धूर वाईट असतो, म्हणून हे काम मामा अंगणात करतो.

एकदा मी न विचारता साचा धुतला. तो आतून ओला राहिला. कढत प्लास्टिक पडताच पाण्याची वाफ झाली व ते उडाले. मामाचा हात भाजला. मी रडत रडत खरे सांगितले. मामा रागावला नाही.

फाटलेली मासळी आम्ही खाडीत टाकत नाही, पुन्हा वितळवतो. आता साचा उन्हात वाळवायचे काम माझे. तापवायचे काम मात्र मोठ्यांचेच!

— इयत्ता ४ थी